टायमिंगची खूण : मोटारीच्या एंजिनातील एका लहानशा चिन्हाचा इतिहास

१

मोटारीच्या इतिहासावर लिहिणारे ग्रंथकार बहुधा अश्वशक्ती, वेग, शर्यती आणि कारखानदारांची चरित्रे यांचाच परामर्श घेतात. एंजिनाच्या पुढील झाकणाखाली, दोन दंतचक्रांवर ठोकलेल्या दोन लहानशा ठिपक्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. तथापि, ज्याने आपली मोटार घरच्या अंगणात उघडली आहे आणि पुन्हा जोडली आहे, त्याला या ठिपक्यांची योग्यता सांगावी लागत नाही. एंजिनाचे शेकडो भाग त्याने पुसून, घासून, जागच्या जागी बसविलेले असतात. आणि एवढे करूनही क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा परस्परमेळ एका दाताने जरी चुकला, तरी सारा खटाटोप व्यर्थ जातो. हा मेळ नेमका बसविण्याचे ज्ञान प्रथम कोणाच्या हाती होते, ते घरी काम करणाऱ्या सामान्य मनुष्याच्या हाती कसे आले, आणि त्याची आजची स्थिती काय आहे, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम विषयाचे स्वरूप थोडक्यात स्पष्ट केले पाहिजे. मोटारीच्या नेहमीच्या एंजिनात दट्ट्याच्या चार धावांत एक आवर्तन पुरे होते : मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, जळत्या वायूच्या रेट्याने खाली जाणे आणि जळालेला वायू बाहेर लोटणे. या चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. परंतु आत येण्याची झडप आणि बाहेर जाण्याची झडप यांनी या चार धावांत एकेकदाच उघडावयाचे असते. म्हणून झडपा उचलणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या गतीने फिरला पाहिजे. तबलजीच्या भाषेत सांगावयाचे तर कॅमशाफ्ट ठाय लयीत चालतो आणि क्रँकशाफ्ट त्याची दुगुण करतो. दोघांनी समेवर मात्र एकत्र यावयाचे असते. कॅमशाफ्टवरील दंतचक्राला क्रँकशाफ्टवरील चक्राच्या दुप्पट दात ठेवले, की गतीचे प्रमाण आपोआप साधते. पण सम कोठे आहे, हे दातांची संख्या सांगत नाही. ते सांगण्यासाठीच खूण लागते.

ही सम किती सूक्ष्म असते, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. १९५८ साली इंग्लंडात निघालेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइट या लहान गाडीत बी.एम.सी. कंपनीचे ९४८ घन सेंटिमीटरचे ‘ए’ श्रेणीचे एंजिन होते. या एंजिनात आत येण्याची झडप दट्ट्या शिरोबिंदूस पोचण्याच्या ५ अंश आधी उघडे आणि तो तळबिंदू ओलांडून गेल्यानंतर ४५ अंशांनी मिटे. बाहेर जाण्याची झडप तळबिंदूच्या ४० अंश आधी उघडे आणि शिरोबिंदूनंतर १० अंशांनी मिटे. हे अंश क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे होत. म्हणजे प्रत्येक झडप २३० अंशांपर्यंत उघडी राही, आणि शिरोबिंदूच्या आसपास १५ अंशांपुरत्या दोन्ही झडपा एकदमच उघड्या असत. आता समजा, एखाद्या एंजिनात कॅमशाफ्टच्या चक्राला ३६ दात आहेत. साखळी एका दाताने चुकली, की कॅमशाफ्ट १० अंशांनी आणि क्रँकशाफ्टच्या मानाने २० अंशांनी चुकला. वरील आकड्यांत ही चूक उशिराच्या बाजूस घातली, तर आत येण्याची झडप शिरोबिंदूच्या ५ अंश आधी उघडण्याऐवजी त्यानंतर १५ अंशांनी उघडेल, आणि मिटावयास ४५ च्या जागी ६५ अंश घेईल. तोवर दट्ट्या वर येऊ लागलेला असतो. आत घेतलेले मिश्रणच तो पुन्हा आलेल्या वाटेने मागे लोटील. एंजिन सुरू होण्यास त्रास देईल, आणि सुरू झालेच तर निर्जीवपणे चालेल. डोळ्यांना मात्र चक्रे, साखळी, झडपा सारे काही जागच्या जागी दिसत असेल.

२

झडपा वेळेवर उघडण्यामिटण्याचा प्रश्न मोटारीपेक्षा फार जुना आहे. टॉमस न्यूकमेन याने १७१२ साली इंग्लंडातील डडली गावाजवळ उभारलेल्या वाफेच्या पंपात प्रत्येक धावेला वाफेची झडप आणि थंड पाण्याची तोटी यथाकाल उघडावी लागे. हंफ्री पॉटर नावाच्या एका मुलाने खेळायला सवड मिळावी म्हणून दोऱ्या बांधून हे काम यंत्राकडूनच करून घेतले, अशी कथा देझाग्युलिए याने १७४४ साली लिहून ठेवली आहे. इतिहासकार या कथेवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत, आणि ते योग्यच होय. तरीसुद्धा तिच्यात एक तथ्य आहे. वेळेचे भान माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या अंगी घालणे, हीच झडपांच्या इतिहासातील पहिली पायरी होती. न्यूकमेनच्या यंत्रात हे काम मुख्य तुळईला लोंबणाऱ्या, खुंट्या मारलेल्या एका दांड्याकडे सोपविले गेले. तो दांडा खालीवर होताना त्याच्या खुंट्या झडपांचे दांडे हलवीत.

वाफेच्या यंत्रात प्रत्येक फेऱ्यात तेच ते घडते; त्यामुळे निम्म्या गतीचा प्रश्नच तेथे उद्भवत नव्हता. तो चार धावांच्या आवर्तनाबरोबर आला. या आवर्तनाचे तत्त्व फ्रान्समधील आल्फाँस बो द रोशा याने १८६२ साली एका पुस्तिकेत मांडले होते. ते प्रत्यक्षात उतरविले जर्मनीत निकोलाउस ऑटो याने, १८७६ साली. ऑटोच्या स्थिर एंजिनात सिलिंडरच्या कडेने एक आडवा आस जात असे. क्रँकशाफ्टवरील तिरप्या दातांच्या चक्रांनी तो निम्म्या गतीने फिरविला जाई, आणि तोच सरकती झडप व बाहेर जाण्याची झडप चालवी. आजच्या कॅमशाफ्टचा हा थेट पूर्वज होय. ऑटोच्या पेटंटातील चार धावांसंबंधीचा हक्क १८८६ साली जर्मन न्यायालयात रद्द झाला, आणि हे आवर्तन सर्वांना खुले झाले.

ऑटोचे एंजिन जड आणि मंद होते. ते कारखान्याच्या कोपऱ्यात उभे राही, आणि त्याची देखभाल बनविणाऱ्याच्याच माणसांकडे असे. एंजिन हलके करून वाहनावर बसवावयाचे, तर हा लांबलचक आस आणि त्याची चक्रे अडचणीची होती. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म माइबाख यांनी या अडचणीतून काढलेली वाट फार कल्पक आहे. आत येण्याची झडप त्यांनी कशालाही न जोडता एका हलक्या स्प्रिंगवर सोडून दिली. दट्ट्या खाली जाताना पडणाऱ्या पोकळीने ती आपोआप ओढली जाऊन उघडे. बाहेर जाण्याच्या झडपेसाठी त्यांनी निराळा आस न घेता, फिरत्या चक्राच्या पृष्ठभागावर दोन फेऱ्यांत पुरी होणारी वळणदार खाच कोरली, आणि त्या खाचेत चालणाऱ्या तुकड्याकडून ती झडप उचलविली. ही योजना त्यांच्या १८८३ च्या पेटंटात आहे. दोनास एक हे प्रमाण येथे दातांच्या संख्येत नसून खाचेच्या वळणात आहे. खाच धातूत कोरलेली असल्यामुळे तिचा मेळ चुकण्याचा संभवच नव्हता. म्हणून खुणेचीही गरज नव्हती. मेळाचे ज्ञान पूर्णपणे यंत्राच्या शरीरात मुरलेले होते.

परंतु आपोआप उघडणारी झडप गतीला साथ देईना. एंजिन जलद फिरू लागले, की स्प्रिंग आणि पोकळी यांच्या ओढाताणीत ती कधी उशिरा उघडे, कधी अर्धवट उघडे. माइबाखने डाइमलर कंपनीसाठी आखलेल्या आणि १९०१ च्या मार्च महिन्यात नीसच्या शर्यतीत गाजलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीत आत येण्याच्या झडपाही कॅमच्या आज्ञेत आल्या. तिच्या चार सिलिंडरांच्या दोन्ही अंगांना एकेक असे दोन कॅमशाफ्ट होते. येथून पुढे दोन्ही झडपांची वेळ धातूच्या उंचवट्यांनी ठरू लागली, आणि ती ठरविणारा आस क्रँकशाफ्टपासून सुटा झाला. जे सुटे होते ते उघडता येते. आणि जे उघडता येते ते चुकीचेही जोडता येते. खुणेचा इतिहास खऱ्या अर्थाने येथे सुरू होतो.

३

गाडी श्रीमंताच्या तबेल्यात, पगारी यांत्रिकाच्या निगराणीखाली होती, तोवर या चुकीची चिंता मालकाने करण्याचे कारण नव्हते. ती स्थिती फोर्डच्या ‘टी’ मोटारीने पालटली. १९०८ ते १९२७ या काळात या गाड्या दीड कोटीच्या वर निघाल्या. त्यांतील कितीतरी अमेरिकेच्या शेतवाड्यांवर गेल्या. तेथे जवळपास यंत्रशाळा नव्हती, आणि दुरुस्ती मालकालाच करावी लागे. फोर्ड कंपनीने मालकांसाठी जी पुस्तिका काढली, ती प्रश्नोत्तरांच्या रूपात होती. गाडी सुरू करण्यापूर्वी काय करावे, येथपासून झडपांची वेळ कशी लावावी, येथपर्यंत प्रश्न त्या पुस्तिकेत आहेत.

टायमिंगविषयीचे तिचे उत्तर दोन कारणांनी लक्षात घेण्याजोगे आहे. पहिले असे, की क्रँकशाफ्टवरील लहान चक्राच्या आणि कॅमशाफ्टवरील मोठ्या चक्राच्या दातांवर शून्याची खूण असे. लहान चक्राचा खुणेचा दात मोठ्या चक्रावरील खुणेच्या ठिकाणी दोन दातांच्या मध्ये बसविला, की काम संपले. दुसरे असे, की झडपांच्या वेळा त्या पुस्तिकेत अंशांत दिलेल्या नसून दट्ट्याच्या अंतरात दिलेल्या आहेत : बाहेर जाण्याची झडप दट्ट्या तळापासून ५/१६ इंचावर असताना उघडावी, आत येण्याची झडप तो शिरोबिंदूपासून १/१६ इंच खाली आला असता उघडावी, अशा प्रकारे. शेतकऱ्याच्या घरी अंश मोजण्याची तबकडी नसते. सुताराची पट्टी मात्र असते. कारखान्याने आपले ज्ञान वाचकाच्या घरातील मोजमापात उतरवून दिले, हे या पुस्तिकेचे वैशिष्ट्य होय.

खूण म्हणजे काय, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. कॅमच्या उंचवट्याचा आकार, झडप किती आधी उघडावी आणि किती उशिरा मिटावी, याचा निर्णय अभियंता आकडेमोड आणि प्रयोग करून घेतो. तो निर्णय समजण्यास विद्या लागते. परंतु निर्णय एकदा झाला, की त्याचे सार दोन ठिपक्यांत साठविता येते; आणि ते ठिपके जुळविण्यास डोळे आणि सावधपणा यांखेरीज काही लागत नाही. अशा रीतीने खूण ही कारखान्याच्या ज्ञानाची, कोणालाही वाचता येणारी लिपी होय. मोटार सामान्य माणसाच्या घरी नांदू शकली याचे श्रेय जसे स्वस्त किमतीला आहे, तसेच काही अंशी या लिपीलाही दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

‘टी’ मोटारीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घरगुती दुरुस्तीला अनुकूल होती. तिच्या झडपा सिलिंडरच्या बाजूस होत्या. त्या दट्ट्याच्या माथ्यावर उघडत नसून शेजारच्या पोकळीत वर उचलल्या जात. म्हणून टायमिंग कितीही चुकले तरी दट्ट्या झडपेवर आदळणे शक्य नव्हते. चूक झाली तर एंजिन चालत नसे, इतकेच. माणूस पुन्हा झाकण काढी, चक्र एक दात सरकवी आणि पुन्हा प्रयत्न करी. चुकीची शिक्षा सौम्य होती, आणि ज्या विद्येत चुकीची शिक्षा सौम्य असते ती विद्या लवकर पसरते.

४

पुढील अर्धशतकात झडपा बाजूवरून डोक्यावर गेल्या. मिश्रण अधिक दाबावयाचे, तर शेजारची पोकळी परवडत नव्हती. ‘टी’ मोटारीत दाबाचे प्रमाण सुमारे ४ : १ होते, पूर्वोक्त स्प्राइटमध्ये ते ८·३ : १ झाले. चक्राला चक्र भिडविण्याऐवजी साखळीचाही वापर रूढ झाला. हान्स रेनोल्ड याने मँचेस्टर येथे १८८० साली तयार केलेली रोलर साखळी प्रथम यंत्रशाळांतून आणि सायकलींतून फिरली, आणि नंतर एंजिनाच्या पुढील झाकणाखाली येऊन बसली. साखळी चक्रांपेक्षा कमी आवाज करते. पण तिने घरी काम करणाऱ्यापुढे एक नवी अडचण उभी केली. दोन चक्रे थेट भिडलेली असली, म्हणजे एक फिरविल्याबरोबर दुसरे फिरते. साखळी सैल पडू शकते, जुनी झाली की लांबते, आणि तिच्या ढिलाईइतका कॅमशाफ्ट मागे रेंगाळतो. ठिपके समोरासमोर असले, तरी झडपा थोड्या उशिरा उघडतात. खूण खरी असते, पण तिची आज्ञा पोचविणारा दूत आळशी झालेला असतो.

स्प्राइट आणि तिच्या कुळातील गाड्यांच्या एंजिनांत दोन्ही चक्रांवर एकेक ठिपका असे. चक्रे साखळीसह बसविताना हे ठिपके एकमेकांकडे तोंड करून, दोन्ही आसांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेवर यावे लागत. वाचताना ही कृती सोपी वाटते. प्रत्यक्षात ठिपका तेलाच्या काजळीखाली दडलेला असतो. चक्र आसावर सरकविताना साखळी एक दात उडी मारते. आणि पुढील झाकण बसवून झाल्यावर शंका घेण्याची सोय उरत नाही.

ही शंका दूर करण्याचे काम इंग्लंडात एका नव्या प्रकारच्या पुस्तकाने हाती घेतले. जॉन हेन्स हा वायुदलातील अधिकारी १९६५ साली एडन येथे असताना, एका सहकाऱ्याच्या जुन्या स्प्राइटची पुनर्बांधणी करण्यास त्याने साहाय्य केले. कारखान्याची नियमपुस्तिका घरी काम करणाऱ्याच्या फारशी उपयोगाची नाही, असा त्याचा अनुभव होता. ती शिक्षित यांत्रिक आणि खास हत्यारे गृहीत धरून लिहिलेली होती. त्याने एंजिन खोलताना आणि जोडताना टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेतली, आणि १९६६ साली स्प्राइटवरील आपली पहिली दुरुस्तीपुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे शेकडो मोटारींसाठी अशी पुस्तके निघाली. फोर्डच्या पुस्तिकेने खुणेचा अर्थ शब्दांत सांगितला होता. हेन्सच्या पुस्तकांनी ती खूण प्रत्यक्ष कशी दिसते, हे दाखविले.

तथापि, खुणेलाही मर्यादा आहेत, आणि त्या ओळखल्याशिवाय तिच्यावर विसंबणे धोक्याचे असते. चार सिलिंडरांच्या एंजिनात पहिला आणि चौथा दट्ट्या नेहमी एकदमच वर येतात. पैकी एक ठिणगीची वाट पाहत असतो, तर दुसरा जळालेला वायू लोटून नुकताच मोकळा झालेला असतो. केवळ क्रँकशाफ्टवरील खूण पाहून यांतला कोणता कोणता, हे कळत नाही. कॅमशाफ्टच्याच गतीने फिरणारा ठिणगीवाटप करणारा डिस्ट्रिब्यूटर अशा वेळी अर्ध्या फेऱ्याने उलटा बसतो, आणि साखळी अचूक असूनही एंजिन खोकत राहते. घरगुती दुरुस्तीतील ही फार जुनी चूक आहे.

जुने मिस्त्री यावर खुणेचा आधार न घेणारा एक उपाय करीत. क्रँकशाफ्ट हाताने फिरवीत चौथ्या सिलिंडरच्या झडपांकडे पाहावयाचे. बाहेर जाण्याची झडप मिटत आली आहे आणि आत येण्याची उघडू लागली आहे, अशी दोघींची डुगडुग जेथे दिसते, तेथे चौथा दट्ट्या शिरोबिंदूशी असतो आणि त्याच क्षणी पहिला दट्ट्या ठिणगीच्या धावेवर असतो. ही कृती ठिपक्यांपेक्षा श्रेष्ठ आहे असे नव्हे. पण ती ठिपक्यांची साक्ष तपासते. खुणेवर श्रद्धा ठेवणे आणि खूण पडताळून पाहणे, या दोन निरनिराळ्या वृत्ती आहेत. मिस्त्री आणि नवखा यांतील अंतर बहुतांशी या दुसऱ्या वृत्तीचेच असते.

५

या इतिहासाचा एक धागा मुंबईतून जातो. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडी येथे सुट्या भागांपासून मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. परंतु एंजिने परदेशांतूनच येत. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. १९५३ साली केंद्र सरकारने केवळ जोडणी करणाऱ्या कंपन्यांना उत्तेजन न देता, देशात भाग बनविणाऱ्यांनाच वाव देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर परदेशी जोडणी कारखाने बंद पडले. प्रीमियरने इटलीतील फिआट कंपनीच्या सहकार्याने ११०० या गाडीची निर्मिती चालू ठेवली. तीच गाडी रूप पालटत १९७२ साली प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ साली प्रीमियर पद्मिनी झाली.

येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की नाव बदलले तरी एंजिन मूलतः तेच राहिले : १०८९ घन सेंटिमीटरचे, ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे, चार सिलिंडरांचे. कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या ठोकळ्यातच, साखळीने फिरणारा. तेथून दांड्यांच्या द्वारे डोक्यावरील झडपांपर्यंत हालचाल पोचे. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. त्यामुळे एकच एंजिन पुनःपुन्हा उतरविले जाई, खोलले जाई, जोडले जाई. बाजारात निवड नसणे ही ग्राहकाची अडचण होती, यात शंका नाही. पण दुरुस्तीच्या विद्येला तिचा एक अनपेक्षित लाभ झाला : एकाच एंजिनाचे टायमिंग लावण्याचे ज्ञान बापाकडून मुलाकडे आणि वस्तादाकडून पोऱ्याकडे जाण्याइतका अवधी मिळाला. पुस्तक न उघडता हे काम करणारे हात तयार झाले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींचा पद्मिनीशी असलेला दीर्घ संबंध या हातांवाचून टिकला नसता. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचा परवाना २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात संपला, आणि त्या विद्येचे एक मोठे आश्रयस्थान नाहीसे झाले.

६

दरम्यान युरोपात साखळीची जागा घेणारी एक वस्तू पुढे आली होती. दात असलेला रबरी पट्टा प्रथम अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकात तयार झाला, तो शिवणयंत्रासाठी. सुई खाली येते त्याच क्षणी खालच्या दोऱ्याने तिला गाठावयाचे असते. म्हणजे टायमिंगचाच प्रश्न तेथेही होता. बव्हेरियातील ग्लास या लहानशा कंपनीने १९६२ साली विक्रीस आणलेल्या १००४ या गाडीत डोक्यावरील कॅमशाफ्ट अशा पट्ट्याने फिरविला. सर्रास विक्रीच्या मोटारींत ही योजना करणारी ती पहिली गाडी मानली जाते. १९६६ साली अमेरिकेत पाँटिअॅकने आणि इटलीत फिआटने हाच मार्ग धरला. फिआटच्या १२४ स्पोर्ट गाडीच्या ऑरेलियो लांप्रेदी याने आखलेल्या एंजिनात तर दोन कॅमशाफ्ट होते. भारतात १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० च्या ७९६ घन सेंटिमीटरच्या एंजिनातही डोक्यावरील कॅमशाफ्ट पट्ट्यानेच फिरे.

पट्टा हलका, स्वस्त आणि शांत असतो. त्याला तेलाची गरज नसते. झाकण काढले, की चक्रांवरील खुणा लख्ख दिसतात. घरी काम करणाऱ्याला एवढा सोयीचा मांड पूर्वी कधीच मिळाला नव्हता. परंतु याच सुमारास दाबाचे प्रमाण आणखी वाढले, झडपा मोठ्या झाल्या आणि अधिक उचलल्या जाऊ लागल्या. अनेक एंजिनांत पूर्ण उघडलेली झडप आणि शिरोबिंदूस आलेला दट्ट्या हे आलटून पालटून एकच जागा व्यापतात. दोघांची गाठ पडू न देण्याची सारी जबाबदारी पट्ट्याच्या दातांवर असते. पट्टा तुटला किंवा काही दात चुकवून बसविला, तर झडपा वाकतात, प्रसंगी दट्टे फुटतात. पट्टा ठरावीक अंतरानंतर बदलावा, असे कारखाने बजावतात ते याचसाठी.

या ठिकाणी आपल्याला इतिहासाचा एक विरोधाभास दिसतो. टायमिंग लावणे जसजसे सोपे होत गेले, तसतशी ते चुकल्याची शिक्षा कठोर होत गेली. ‘टी’ मोटारीचे काळजीपूर्वक दडविलेले दात चुकले तर शेतकऱ्याची एक दुपार वाया जाई. उघड्यावर दिसणारा पट्टा चुकला तर एंजिनच जाते. याचा अर्थ घरगुती दुरुस्ती अशक्य झाली असा नव्हे. तिच्यात पडताळणीची पायरी अपरिहार्य झाली, एवढाच आहे. म्हणून अनुभवी माणूस जोडणी झाल्यावर किल्ली फिरवीत नाही. तो ठिणगीचे प्लग काढून ठेवतो, म्हणजे दाबाचा अडथळा राहत नाही. मग क्रँकशाफ्ट पान्याने, त्याच्या नेहमीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवितो. पुनः सम आली आणि चक्रांवरील खुणा जागेवर परतल्या, तर मेळ बरोबर. मध्येच काही कठीण लागले, तर तो जोर करीत नाही. थांबतो आणि मागे जातो. हाताला जाणवलेला तो अडथळा हीच त्या क्षणी सर्वांत खरी खूण असते.

७

अलीकडच्या काळात या लिपीचेच स्वरूप बदलत आहे. आल्फा रोमिओने १९८० साली अमेरिकेत विकावयाच्या स्पायडर गाडीत आणि होंडाने १९८९ साली व्हीटेक या नावाने, एंजिन चालू असतानाच झडपांच्या वेळा बदलण्याची सोय केली. जी सम कायमची कोरलेली होती, ती चालती झाली. काही एंजिनांत तर कॅमशाफ्टचे चक्र आसाच्या खाचेत न बसविता केवळ बोल्टच्या आवळण्याने धरून ठेवतात. त्याच्यावर विसंबण्याजोगी खूणच नसते. दोन्ही आस विवक्षित हत्याराने अडकवून ठेवावयाचे आणि मग बोल्ट आवळावयाचा, अशी तेथील पद्धत आहे. ज्ञान ठिपक्यातून निघून हत्यारात गेले. ज्याच्याजवळ ते हत्यार नाही, त्याला यंत्र वाचता येत नाही.

या स्थित्यंतरावर शोक करण्याचे कारण नाही. नेमकेपणा वाढला, इंधन वाचले, धूर घटला, हे लाभ खरे आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने लाभाबरोबर खर्चाचीही नोंद केली पाहिजे. डाइमलरच्या खाचेत मेळाचे ज्ञान यंत्राच्या शरीरात बंदिस्त होते. फोर्डच्या शून्यचिन्हाने ते मालकाच्या हाती दिले. आता ते पुनः बनविणाऱ्याकडे परतत आहे. मधली शंभर वर्षे हा काळ असा होता, की यंत्र बनविणारा आणि यंत्र वापरणारा यांच्यामध्ये दोन ठिपक्यांचा एक करार होता. बनविणारा म्हणे, हे जुळव. वापरणारा जुळवी, दोन फेरे फिरवून पाही, आणि मगच विश्वास ठेवी.

जुन्या गाड्यांची एंजिने आजही ठिकठिकाणी उघडली जातात. ती उघडणाऱ्यांनी चक्रांवरील काजळी पुसताना त्या ठिपक्याकडे क्षणभर थांबून पाहावे. जोडणीची सूचना म्हणून तो उपयोगी आहेच. पण ज्ञान सर्वांना वाचता येईल अशा रूपात ठेवण्याची एक रीत एके काळी यंत्रविद्येत होती, याचा तो पुरावाही आहे. पुरावा जपावा, आणि पुरावा तपासावाही. इतिहासाच्या अभ्यासात आणि एंजिनाच्या जोडणीत हा नियम सारखाच लागू पडतो.